आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे आईला संधिवात नाही ना?

असं म्हणता येत नाही. रुमेटॉइड संधिवात असलेल्या चार-पाच जणांमागे एकाचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. तेव्हा त्या कागदाच्या भरवशावर ‘वयाचा वात आहे, चालायचंच’ म्हणणाऱ्या शेजारणीचं फार मनावर घेऊ नका.

मी फोंड्यात फिजिओथेरपी करते. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण दुखणारे सांधे रोज हाताखालून जातात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? तुम्ही लिहिलंय, आई ४६ वर्षांच्या, उठतात साडेसहाला आणि नऊपर्यंत कप धड धरवत नाही. दोन्ही मनगटं आणि बोटांची मधली पेरं सुजलेली. झिजेचा संधिवात सहसा असा वागत नाही. त्यात सांध्यातली कूर्चा झिजते, सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात जातो आणि दुखणं वापराने वाढतं. आदोळीवर बसून नारळ किसल्यावर गुडघा धरून उठणाऱ्या बहुतेक आज्या यातल्या. बोटांना झाला तर नखाजवळच्या पेरावर गाठ येते, दाबली तर हाडासारखी टणक.

रुमेटॉइडची सूज मऊ लागते. मूठ वळली की उंचवट्यांमधल्या खळ्या दिसतात ना, त्या बुजतात. इथे प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते, त्यामुळे बसून राहिलं की जास्त आखडतं. नखाजवळची पेरं बहुधा यातून वाचतात.

प्रकार तसे शंभरावर आहेत. आपल्याकडे गाऊटही पुष्कळ: बियर आणि तारल्यांवर ताव मारल्यावर मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होतो, पांघरूणही सोसत नाही. सोरायसिस या त्वचारोगातही सांधे धरतात, म्हणून अशांची नखं मी हमखास बघते, त्यावर बारीक खड्डे असतात. चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, आईंना मध्यंतरी ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता करायचं काय? रुमेटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ गाठा, नाहीतर गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) मेडिसिन ओपीडीत जा. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या ते सांगतील. पावसाळा सरेपर्यंत थांबू नका, सुरुवातीच्या महिन्यांतच सांधे वाचवता येतात. फार्मसीतून परस्पर आणलेल्या पेनकिलरने दुखणं दबतं, रोग आत चालूच राहतो, वर मूत्रपिंडाला त्रास. मेथोट्रेक्सेट हे रुमेटॉइडवरचं औषध लिहून दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एकच सांधा अचानक गरम होऊन सुजला आणि ताप भरला, तर मात्र ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

आणि उद्या उठल्या उठल्या आईंच्या दोन्ही हातांचा फोटो काढा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज बऱ्यापैकी उतरलेली असते.