छोट्या क्लबचा इतिहास लिहिताना

प्रिय मित्रा,

वेस्ट ऑकलंड टाउन या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला घेतोयस, उत्तम. तुझा आराखडा वाचला. पहिल्याच प्रकरणाचं नाव ‘पहिला विश्वचषक जिंकणारे खाणकामगार’ असं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

घटना खरी आहे. इंग्लंडच्या डरॅम परगण्यातल्या या कोळसाखाणींच्या गावातला हौशी संघ एप्रिल 1909 मध्ये इटलीत तुरिनला गेला. चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी ठेवलेल्या करंडकासाठी तो खेळला आणि उपांत्य सामन्यात श्टुटगार्टच्या, तर अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथुरच्या संघाला 2-0 अशा सारख्याच फरकाने हरवून परतला. 1911 मध्ये पुन्हा गेला. झुरिकला 2-0 आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला चक्क 6-1. दोनदा जिंकल्यामुळे करंडक कायमचा त्यांच्याकडे आला.

पण ‘पहिला विश्वचषक’ हे बिरुद नंतर चिकटलेलं आहे. तुरिनमध्येच 1908 साली एका क्रीडा नियतकालिकाने परदेशी संघांना बोलावून स्पर्धा घेतली होती आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये देशोदेशींचे संघ फुटबॉल खेळले होते. लिप्टन करंडकासाठी खेळले ते देश नव्हेत. तेव्हा ‘सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपैकी एक’ असं लिही. त्यात क्लबचा काही कमीपणा नाही. युव्हेंटसला सहा गोल घातले, याला आणखी कसला मुलामा हवा?

दुसरी गोष्ट वुलिच आर्सेनलची, म्हणजे आजच्या लंडनच्या आर्सेनल क्लबची. लिप्टनच्या माणसाला ‘डब्ल्यू. ए.’ अशी आद्याक्षरं दिली होती, त्याने आमंत्रणाचं पत्र वुलिच आर्सेनलऐवजी वेस्ट ऑकलंडला पाठवलं, ही कथा तुला गावात प्रत्येक जण सांगेल. तिला कागदाचा ठोस आधार आजवर मिळालेला नाही. म्हणून ती गाळू मात्र नकोस. उलट्या दिशेने माग काढ: ती या विजयावरच्या 1982 च्या टीव्हीनाट्यानंतरच्या लेखांत आहे का, 1960 च्या आसपासच्या बातम्यांत आहे का, 1909 च्या एप्रिल-मेमधल्या अंकांत आहे का. जिथे ती छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसेल, तो अंक आणि तारीख मजकुरातच दे. दंतकथेचाही जन्मदाखला काढता येतो, आणि बऱ्याचदा तो घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी निघतो.

आता वर्तमानपत्रं. डिजिटल संग्रहात नुसतं ‘ऑकलंड’ टाकलंस तर न्यूझीलंडच्या बातम्यांचा ढीग अंगावर येईल. शिवाय बिशप ऑकलंड आणि सेंट हेलन ऑकलंड ही शेजारची गावं, त्यांचेही संघ. छापणारे घाईत नुसतंच ‘ऑकलंड’ लिहून मोकळे होत. म्हणून शोध परगणा आणि तारखेत बांधून घे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावाने उलटा शोधही कर. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे शोधात काही आलं नाही म्हणजे बातमी नव्हती असं धरू नकोस. शनिवारच्या सामन्याचा वृत्तांत सोमवारच्या दैनिकात किंवा आठवडाअखेरच्या साप्ताहिकात असतो. ती पानं डोळ्यांनी चाळावीच लागतात.

प्रत्येक सामन्याला तक्त्यात एक ओळ दे. तारीख, स्पर्धा, मैदान, निकाल, गोल करणारे, प्रेक्षक आणि शेवटच्या रकान्यात वृत्तपत्राचं नाव, अंकाची तारीख, पान. हा शेवटचा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा ठेवलास की सहा महिन्यांनी तीच कात्रणं पुन्हा शोधायला बसशील. दोन वृत्तपत्रांत निकाल वेगळा असेल तर दोन्ही नोंदव, मनाने निवाडा करू नकोस.

गुणतालिका उतरवल्यावर ताळा कर. सगळ्या संघांच्या विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी हवी, केलेले गोल खाल्लेल्या गोलांइतके हवेत, आणि बरोबरीची बेरीज सम हवी. जुळलं नाही तर आधी आपल्या उतरवण्यातली चूक शोध. मग एखाद्या संघाने हंगामाच्या मध्यात अंग काढून घेतलं का ते पाहा, कारण अशा संघाचे निकाल रद्द करताना एखाद-दुसरा आकडा तसाच राहून जातो. गुण जुळत नसतील तर अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल गुण कापले असतील. विजयाला तीन गुण कधीपासून, हे लीगगणिक बदलतं: इस्थमियन लीगमध्ये 1973 पासून, फुटबॉल लीगमध्ये 1981 पासून. तुझ्या लीगचं वर्ष तिच्याच नियमपुस्तिकेतून घे. जुन्या काळी गुण सारखे असले तर गोलफरक नव्हे, गोलसरासरी बघत. 40 गोल करून 20 खाल्लेल्या संघाची सरासरी 2, आणि 70 करून 40 खाल्लेल्याची 1.75. फरकाने दुसरा पुढे, सरासरीने पहिला. क्रमांक ‘चुकलेला’ दिसला म्हणून दुरुस्त करायला जाऊ नकोस.

प्रेक्षकसंख्या बहुधा मिळणार नाही, पण गल्ल्याची रक्कम मिळते. जुन्या हिशोबात पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेनी. तिकीट सहा पेनी आणि गल्ला पाच पौंड असेल तर पूर्ण दराची 200 तिकिटं झाली. त्यात अर्ध्या तिकिटाची पोरं आणि हंगामाचा पास असलेले सभासद धरलेले नाहीत, म्हणून ‘किमान दोनशेच्या घरात’ एवढंच म्हण.

नावांनी तू हैराण होशील. संघाच्या यादीत ‘ए. एन. अदर’ किंवा ‘एस. ओ. एल्स’ दिसला तर तो माणूस नव्हे. जागा अजून भरलेली नाही किंवा खेळणाऱ्याला नाव द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाणीच्या गावात एकाच आडनावाची चार घरं, त्यात आद्याक्षरंही सारखी. इथे जनगणना कामी येते. 1911 ची जनगणना 2 एप्रिलला झाली, संघ तुरिनला जाण्याच्या थोडंच आधी. म्हणजे माणसं घरीच असणार, आणि वय, पत्ता, खाणीतलं नेमकं काम सगळं त्यात सापडेल. पुढची 19 जून 1921 ची. 1931 ची जळून गेली, 1941 मध्ये झालीच नाही. मधल्या काळासाठी सप्टेंबर 1939 ची रहिवाशांची सरकारी नोंदवही बघ.

संघाच्या फोटोत पुढे ठेवलेल्या चेंडूवर किंवा पाटीवर हंगाम लिहिलेला असतो. तो आधी वाच, मागे कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं वर्ष नंतर. हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मेपर्यंत चालतो, त्यामुळे ‘1909 चा संघ’ म्हणजे दोन वेगळे संघ असू शकतात. फोटो मागून नेऊ नकोस. मालकाच्या घरीच 600 डीपीआयवर स्कॅन कर, आणि मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलने.

आराखड्यातली माझी मोठी तक्रार अशी की 1911 वरून तू थेट 1961 च्या वेम्ब्लीवर, लंडनच्या त्या मोठ्या मैदानावर, उडी मारली आहेस. हौशी संघांच्या राष्ट्रीय चषकाच्या तिथल्या अंतिम सामन्यात वॉल्थमस्टो अव्हेन्यूकडून 1-2 अशी हार झाली, पण त्याआधी 1959-60 आणि 1960-61 अशी लागोपाठ दोन वर्षं नॉर्दर्न लीग जिंकली होती. इतका चांगला संघ कसा जमला, कोणी जमवला, पैसा कुठून आला? हौशी खेळाडूला पगार देता येत नसे, आणि बुटात गुपचूप पैसे ठेवण्याची चाल त्या काळी सगळीकडे बोलली जात होती. 1974 मध्ये हौशी-व्यावसायिक हा भेदच मोडीत निघाला. या क्लबचा जमाखर्च मिळाला तर ‘प्रवासखर्च’ या सदराची रक्कम प्रत्यक्ष अंतराशी ताडून बघ. पुरावा नसेल तर कुणावर ठपका ठेवू नकोस.

करंडकाची कहाणीही पैशाचीच आहे. तुरिनच्या वारीने क्लब कर्जात बुडाला, आणि जगात मिरवायचा तो करंडक गावातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडे 40 पौंडांना गेला. 1960 मध्ये 100 पौंड मोजून तो परत आणला. जानेवारी 1994 मध्ये वर्किंग मेन्स क्लबातून चोरीला गेला तो आजतागायत सापडलेला नाही. आता आहे ती प्रतिकृती. हे प्रकरण करंडकाच्या नव्हे, कर्जाच्या बाजूने लिही. समितीची इतिवृत्तं वाचताना ‘सचिवांनी उसने दिले’ अशा ओळींवर खूण करत जा.

2012 आणि 2014 च्या एफए व्हाज या छोट्या क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांना (अनुक्रमे डन्स्टनकडून 0-2, शोलिंगकडून 0-1) चार पानं पुरेत. त्यांची चित्रणं आहेत, साक्षीदार हयात आहेत. वेळ खर्चायचा तो त्या म्हाताऱ्या सभासदांवर, ज्यांच्या माळ्यावर जुनी सामनापत्रकं पडून आहेत. त्यांना ‘आठवणी सांगा’ म्हणू नकोस. एखाद्या हंगामाची छापील यादी पुढ्यात ठेव आणि प्रत्येक नावापुढे विचार: हा कुठे राहायचा, कुठल्या खाणीत होता, मैदानावर कुठे उभा राहायचा.

पुस्तक छापलंस की महिन्याच्या आत एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावी लागते, तो तिथला कायदा आहे. दुसरी परगण्याच्या अभिलेखागाराला दे, आणि तक्त्याची फाइलही सोबत दे. आधी 1908-09 चा हंगाम पूर्ण भरून पाठव, शेवटच्या रकान्यासकट. मग पुढचं बोलू.

तुझा,
एक जुना नोंदकरी