महागडं कार्ड घ्यावं का? आधी एका महिन्याचं व्याज बघा

प्रश्न: मी नाशिकला शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर कंपनीत आहेत. पाच वर्षांपासून एकच क्रेडिट कार्ड वापरतो. वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या आसपास, त्यामुळे फी माफ होते. 62,400 पॉइंट साठलेत, त्यातले 18,000 सप्टेंबरअखेर संपणार आहेत. बँकेतून रोज फोन येतो, वरचं कार्ड घ्या म्हणून: फी 10,000 अधिक जीएसटी, वर्षाला आठ लाख खर्च केला तर माफ, घेतल्याबरोबर 10,000 पॉइंट. मुलीची इंजिनीअरिंगची 1,80,000 फी भरायची आहे, दीर नव्या फ्लॅटचं फर्निचर घेतायत. सगळं कार्डावर टाकलं तर आठ लाख होतील. घ्यावं का? मागच्या वर्षी फीच्या हप्त्यामुळे बिल 1,10,000 झालं होतं, तेव्हा एक महिना मिनिमम भरून निभावलं. बाकी कधी चुकलेलो नाही.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मिनिमम, म्हणजे बिलातली बँकेने ठरवलेली किमान रक्कम, भरलं की लेट फी लागत नाही, पण व्याज सुटत नाही. ते उरलेल्या रकमेवर ड्यू डेटपासून लागतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात ते खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि मागचं सगळं फिटेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पाठवलेल्या स्टेटमेंटवर तुमचा दर महिना 3.6 टक्के आहे. 1,10,000 वर एका महिन्याचे 3,960, त्यावर 18 टक्के जीएसटी 713, म्हणजे किमान 4,673 रुपये. आता दुसरी बाजू. तुमच्या साडेचार लाखांतलं पेट्रोल, वॉलेट वगैरे वजा केलं तर पॉइंट मिळणारा खर्च उरतो 3,60,000. दर 150 रुपयांना 4 पॉइंट, म्हणजे वर्षाला 9,600. ते सगळ्यात चांगल्या भावाने, 50 पैशांनी, वापरले तरी 4,800 रुपये. वर्षभराची कमाई एका महिन्याच्या व्याजात गेली. ऑटोपे लावलेलं असेल तर आज उघडून बघा, त्यात ‘टोटल ड्यू’ निवडलंय की ‘मिनिमम’. बऱ्याच घरांत मिनिममवरच असतं आणि कोणाला पत्ता नसतो.

आता वरचं कार्ड. त्याच्या अटींप्रमाणे 150 रुपयांना 5 पॉइंट, विमान तिकिटाला एक पॉइंट म्हणजे एक रुपया. ऐकायला छान. पण तुमच्या नेहमीच्या खर्चावर 12,000 पॉइंट होतात आणि फी जीएसटीसकट 11,800 पडते. हातात 200 रुपये. पहिल्या वर्षी कार्ड घेतल्याबरोबर मिळणारे 10,000 पॉइंट धरले तर 10,200 उरतात, आत्ताच्या कार्डापेक्षा 5,400 जास्त. दुसऱ्या वर्षी 4,600 कमी. दोन वर्षांत मिळून 800 रुपयांचा फायदा, तोही एकूण एक पॉइंट विमानात खर्च केला तर. एवढ्यासाठी मी तरी फोन उचलणार नाही.

उरला आठ लाखांचा प्रश्न. कॉलेजच्या पोर्टलवर क्रेडिट कार्डाला एक टक्का अधिक जीएसटी लागतो असं तुम्हीच लिहिलंय: 2,124 रुपये. आत्ताच्या कार्डावर त्या फीचे 4,800 पॉइंट, म्हणजे 2,400 रुपये. पावणेतीनशे रुपयांसाठी मोठं बिल अंगावर घ्यायचं, आणि मागच्या वर्षी घोळ झाला तो याच फीमुळे. यूपीआयने भरा. शैक्षणिक संस्थांसाठी एका व्यवहाराची मर्यादा पाच लाखांपर्यंत आहे, फक्त तुमच्या बँकेने आणि कॉलेजने ती सुरू ठेवली आहे ना, हे आधी विचारून घ्या.

दिरांच्या फर्निचरचं मला सरळ नको वाटतं. नात्यात पैसे मागायला तोंड उघडत नाही, ड्यू डेट मात्र थांबत नाही. शिवाय वर्षात कार्डाची दहा लाख किंवा त्याहून जास्त बिलं भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते, ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतं. त्यात गुन्हा काही नाही, पण दोघांच्या पगारापुढे आकडा मोठा दिसला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, दिरांना नाही.

आता साठलेले 62,400. याच पॉइंटांचे पैसे कार्डाच्या बिलात वळते केले तर 20 पैशांनी 12,480 रुपये होतात, व्हाउचर घेतलं तर 35 पैशांनी 21,840 आणि विमान तिकिटाला 31,200. कॅटलॉगमधला मिक्सर तुम्हाला आवडलाय, तो 14,000 पॉइंटांचा. तोच मेन रोडवर 3,900 ला मिळतो म्हणता, म्हणजे पॉइंटाला जेमतेम 28 पैसे. मिक्सर दुकानातूनच घ्या.

मुलगा बंगळुरूला आहे आणि दिवाळीला तुम्ही दोघं जाणारच आहात, म्हणून तुमच्या बाबतीत विमान तिकीट योग्य. ज्यांना कुठे जायचंच नाही त्यांना मी व्हाउचर घ्यायला सांगतो. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीच्या साइटवर भाव बघा. समजा तिथे 6,000 आणि बँकेच्या पोर्टलवर 6,400 आहे. पोर्टलवर 70 टक्केच रक्कम पॉइंटांतून देता येते, म्हणजे 8,960 पॉइंट आणि वर 1,920 रोख. वाचले 4,080, पॉइंटाला साडेपंचेचाळीस पैसे. तरी चालेल. फरक हजाराच्या वर गेला तर मात्र दुसरी तारीख शोधा. संपणारे 18,000 पॉइंट वापरायला साधारण 12,900 रुपयांची तिकिटं लागतील, दिवाळीच्या जाण्या-येण्यात ते सहज बसतं. बुकिंग सप्टेंबर संपण्याआधी झालं पाहिजे, प्रवास नंतर असला तरी हरकत नाही. एवढं मात्र कस्टमर केअरला ईमेलने विचारा: तिकीट रद्द केलं तर मुदत संपलेले पॉइंट परत मिळतात का? फोनवरच्या ‘हो मॅडम’ला काही अर्थ नसतो.

हिशेबाचा कंटाळा असेल तर फी नसलेलं कॅशबॅक कार्ड जोडीला ठेवा. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआयसारख्या कार्डावर प्राइम सभासदाला अ‍ॅमेझॉनवर 5 टक्के आणि इतर बहुतेक ठिकाणी 1 टक्का मिळतो, इंधन, सोनं, भाडं वगैरे सोडून.

आणि एवढं सांगूनही मिस्टरांना वरचं कार्ड हवंच असेल, तर जुने पॉइंट कोणत्या भावाने नव्या कार्डावर जातील हे आधी लेखी घ्या, आणि फी पुन्हा लागण्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे नको असेल तर कार्ड वेळेत बंद करता येईल. कार्डावर काही देणं बाकी नसेल तर ते बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर बँकेने दिवसाला 500 रुपये द्यायचे. अर्ज करण्याआधी पॉइंट वापरून टाका.