लॅपटॉप अचानक स्लो झालाय, फॉरमॅट मारू की नवीन घेऊ?

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

परवापर्यंत नीट चालत होता आणि आता एक्सेल उघडायलाही वेळ लागतो, असं तुम्ही लिहिलंय. पण सकाळी चालू केल्या केल्या स्लो असतो, की अर्ध्या तासानं होतो, ते लिहिलेलं नाही. सगळा खेळ तिथंच आहे. आमच्या दाजींनीही मला हा प्रश्न विचारला नव्हता.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. मार्चअखेर, मालाच्या हिशेबपट्ट्यांचा ढीग, वीस तारखेच्या आत जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बसला. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक एंट्री मारली की पुढची मारेपर्यंत चहा यायचा. पुण्याच्या दाजींना फोन लावला. ते आयटीत, म्हणजे आमच्या घरात कॉम्प्युटरबाबत शेवटचा शब्द त्यांचाच. "अहो, त्यात काय बघायचंय? फॉरमॅट मारून टाका."

फॉरमॅट मारायला यांचं काय जातंय? टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, डेटा काढून ठेवा, प्रिंटरचे ड्रायव्हर शोधा, कन्नड अर्जांसाठी नुडी परत टाका, मराठीसाठी श्रीलिपी परत टाका (ही दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर). इकडं सीमाभागात एका लॅपटॉपवर दोन भाषांचा संसार असतो, तो पुण्यात बसून कळत नाही. याआधी भाच्याचा लॅपटॉप एका दुकानदारानं असाच विचारपूस न करता फॉरमॅट केला आणि पोराचे कॉलेजचे सगळे प्रोजेक्ट गेले. तेव्हाही सल्ला दाजींचाच होता.

मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्क निवांत, मेमरी निम्मी रिकामी. पण परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपचा, स्पीड 0.79 गीगाहर्ट्‌झ, आणि बेस स्पीड (नेहमीचा ठरलेला वेग) लिहिलेला 2.40. सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं ठीक, मग फॅन भणभणायला लागला की स्पीड खाली. म्हणजे मशीन तापत होतं आणि जळू नये म्हणून स्वतःच दम खात होतं. विंडोजचा यात काय दोष?

दुपारी मागचं झाकण खोललं. फॅन आणि तांब्याच्या पट्टीच्या जाळीमध्ये तपकिरी थर बसलेला, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा घट्ट. चिमट्यानं ओढला तर अख्खा पट्टाच निघाला. तंबाखूची भुकणी! ब्रश फिरवला आणि शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी. मालक दारातून म्हणाले, "काय हो दिवाणजी, हिशेब सोडून हे काय करायलायसा?" फॅनचं पातं काडीनं अडवून ब्लोअर मारला (पातं मोकळं फिरू दिलं तर फॅन खराब होतो), चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली. स्पीड परत 2.40 च्या वर. रिटर्न वेळेत गेलं.

दाजी अजून म्हणतात, "फॉरमॅटनंपण झालं असतं." कसं झालं असतं? फॉरमॅटनं धूळ जाते व्हय? त्यांचा स्वतःचा लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करूनही रडत होता. गणपतीला आले तेव्हा बघितलं, तर चार्जर बाजारातला स्वस्तातला. काही कंपन्यांचे लॅपटॉप, त्यांना चार्जर ओळखता आला नाही की, सीपीयूचा स्पीड पाडून ठेवतात. माझ्याकडचा त्याच कंपनीचा ओरिजिनल जोडला आणि मशीन पळायला लागलं. त्यावर त्यांचं म्हणणं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

तुमचा चालू केल्यापासूनच स्लो असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. एखादा मोठा अपडेट चालू असेल तर चार्जर लावून रात्रभर सोडा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. सी ड्राइव्ह गच्च भरलाय का बघा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा. तिथं पिवळं 'कॉशन' दिसलं की बाकी सगळं सोडून आधी डेटा बाहेर काढा, मग एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. एसएसडीनं जो फरक पडतो तो नव्या लॅपटॉपइतकाच वाटतो, पैसे मात्र फार कमी जातात.

हां, व्हायरस शिरला असेल आणि काही केल्या निघत नसेल, तर फॉरमॅट करावाच लागतो, तेवढं मान्य. हे दाजींना सांगू नका. विंडोज 10 वर असाल तर तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्याचाही विचार करा. आणि वॉरंटी असेल तर माझं वाचून स्क्रू खोलू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. देताना डेटा काढून घ्या आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही" हे जॉबशीटवर लिहून घ्या.