अपभ्रष्ट कोण म्हणालं?

प्रिय पोरी,

गुणपत्रिकेवर लाल शाईत लिहिलेल्या ‘उच्चार अपभ्रष्ट’चा फोटो पाठवून तू विचारलंस, वक्तृत्व सोडू का? नाही. तो विषय संपला.

आता त्या शब्दाकडे बघू. कोणी शब्द फेकून मारला की मुकाट्याने झेलायचा नाही. कोणी म्हटलं, कशाला म्हटलं, आधी विचारायचं.

‘भ्रंश’ म्हणजे घसरणं, खाली पडणं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजली या व्याकरणकाराने महाभाष्यात दाखला दिला: ‘गौः’ म्हणजे गाय हा एक शब्द, आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपभ्रंश. पुढे दंडी या काव्यशास्त्रकाराने काव्यादर्शात सांगितलं की काव्यात आभीर, म्हणजे गुरं राखणारे लोक, वगैरेंची बोली ती अपभ्रंश. शास्त्रात मात्र संस्कृताखेरीज सगळंच अपभ्रंश. सगळंच, पोरी! परीक्षकांची मराठीसुद्धा. कोणी म्हटलं, कशाला म्हटलं, हे विचारल्याशिवाय एवढं कळलं असतं का? आणि त्याच नावाच्या भाषेत दहाव्या शतकात पुष्पदंताने महापुराण रचलं, बाराव्या शतकात हेमचंद्राने तिचं व्याकरण लिहिलं.

घणसोलीत तुझी आजी ‘पानी’ म्हणते, ‘डोला’ म्हणते. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ नेमाने होतो. चूक अशी नेमाने होत नसते.

ठाण्यात परीक्षक म्हणून बसायचो तेव्हा बोलीच्या उच्चारासाठी मी कधी गुण कापला नाही. आयोजकांशी वाद झाले, बोलावणी थांबली. थांबू देत. आज बोलावलं तरी हेच करीन, आणि माझंच बरोबर होतं.

सल वेगळाच आहे. माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले ही गाणी म्हणणारी. हळदीच्या मांडवात तिने धवले धरले की बायका कामं टाकून बसायच्या. घरातल्या शिकलेल्यांना ते गावठी वाटले, कोणी उतरवून घेतले नाहीत. तेराव्या शतकातल्या महदंबा या कवयित्रीचे ‘धवळे’ मराठीच्या अभ्यासात मानाने शिकवतात. आत्याचे धवले तिच्याबरोबर गेले. गावठी कोणी म्हटलं, कशाला म्हटलं, तेव्हा घरात कोणीच विचारलं नाही.

प्रमाण मराठी चोख शीक. ‘ण’ आणि ‘ळ’ खणखणीत यायला हवेत, त्यात हयगय मला चालणार नाही. पण भाषणात आजीचं वाक्य आलं तर ते आजीच्याच तोंडचं. आणि तिला धवले येतात का, विचार. येत असतील तर या रविवारीच फोनवर रेकॉर्ड करून घे. परीक्षा संपल्यावर बघू, असं म्हणू नकोस.

तुझा,
सर