वटवाघळांच्या आवाजावर काम सुरू करताय?

आधी रेकॉर्डरचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला तो आवाजाचे किती नमुने घेतो ते) बघा. ४४.१ किलोहर्ट्झवाला इथे कुचकामी, कारण निम्म्याच्या, म्हणजे २२ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात उमटतच नाही आणि बहुतेक वटवाघळांचा कारभार त्याच्या वरच चालतो. ३८४ चा घ्या.

मग स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार आवाजाची वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर, नजर बसवा. ऱ्हायनोलोफस या वटवाघळाची हाक लांब, आडव्या रेघेसारखी दिसते; पिपिस्ट्रेल या दुसऱ्या वटवाघळाची तीरासारखी खाली उतरते. कीटक टप्प्यात आला की हाका आखूड आणि दाट होत जातात. तेच रेकॉर्डिंग दहापट संथ करून ऐका, शेवटचा ‘बझ’ (झपाट्याने येणाऱ्या हाकांची गुणगुण) कानात बसेल.

नवखे लोक सामाजिक हाका (शिकारीच्या नव्हे, एकमेकांशी बोलण्याच्या) गोंगाट समजून उडवतात. तसं करू नका, संवादाचा खरा ऐवज तिथेच असतो. सॅकोप्टेरिक्स बिलिनिआटा या वटवाघळाची पिल्लं माणसाच्या बाळांसारखी बडबडतात, हे २०२१ मध्ये असल्याच रेकॉर्डिंगमधून दाखवलं गेलं.

उत्क्रांतीचा वाद (प्रतिध्वनी-वेध, म्हणजे हाकेचा प्रतिध्वनी ऐकून वाट आणि भक्ष्य शोधणं, एकदाच आला आणि फळखाऊ वटवाघळांनी गमावला, की दोनदा आला?) सध्या फक्त वाचा. सॉफ्टवेअरने सुचवलेलं प्रजातीचं नाव स्वतः तपासल्याशिवाय नोंदवू नका. आणि प्राणी हाताळायचे असतील तर परवानगी आणि रेबीजची लस, दोन्ही आधी.