परवाना चालकाचा, प्रमाणपत्र बोटीचे

प्रश्न: मी पर्यटकांच्या बोटीवर खलाशी म्हणून काम करतो आणि चालकाच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करत आहे. किती प्रवासी घ्यायचे, तो आकडा बोटीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलाच असतो. मग चालकाला भार आणि तोल यांचा एवढा अभ्यास कशासाठी? आणि बोट नांगरून ठेवली की त्याची जबाबदारी संपते का?

उत्तर: प्रमाणपत्रावरचा आकडा ज्या गृहीतकांवर ठरलेला असतो, ती गृहीतके आजही खरी आहेत की नाहीत, हे तो आकडा स्वतः सांगत नाही, म्हणूनच हा अभ्यास आवश्यक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या तलावात २ ऑक्टोबर २००५ रोजी ‘ईथन ॲलन’ ही पर्यटक बोट उलटली आणि २० जणांचा मृत्यू झाला. बोटीवर ४७ प्रवासी होते, म्हणजे कागदोपत्री मर्यादा ओलांडलेली नव्हती. परंतु ती मर्यादा ठरवताना माणशी सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६४ किलो, धरलेले होते आणि प्रत्यक्षातले प्रवासी त्याहून बरेच वजनदार होते. त्यातच बोटीवरचे कापडी छत काढून लाकडी बसवण्यात आले होते आणि त्या बदलानंतर तिच्या तोलाची फेरचाचणी झालेली नव्हती. अशा बोटीवर जेमतेम १४ माणसे न्यायला हवी होती, असे नंतरच्या तपासात निष्पन्न झाले. पुढे २०११ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने हे गृहीत वजन १८५ पौंडांवर, म्हणजे सुमारे ८४ किलोंवर नेले.

मला यातली छताची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण असे बदल बोटीवर सर्रास होतात आणि ते करणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. वर चढवलेले वजन बोटीचा गुरुत्वमध्य उंचावते, आणि मग एरवी सहज सावरला गेला असता असा कलही सावरत नाही. तळाशी साचलेले पाणी थोडे असले तरी बोट कलताच ते खालच्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. काही पाहण्यासाठी सगळे प्रवासी एका बाजूला सरकले, तर तेच घडते. यांपैकी एकही गोष्ट प्रमाणपत्रावर दिसत नाही, ती धक्का सोडण्यापूर्वी चालकालाच पाहावी लागते, आणि आकड्यात जागा शिल्लक असतानाही ‘आता आणखी माणसे नकोत’ असे मालकाला सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे लागते.

नांगराबद्दल थोडक्यात सांगतो: जबाबदारी संपत नाही. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे नांगरून उभ्या असलेल्या ‘कन्सेप्शन’ या बोटीला आग लागली आणि खालच्या कक्षात झोपलेले ३४ जण दगावले. रात्री फिरता पहारा ठेवणे नियमाने बंधनकारक असूनही तो ठेवलेला नव्हता, आणि त्याबद्दल कप्तानाला न्यायालयाने दोषी ठरवले.

प्रश्न: माझ्या भावाला बोटीवरचा दीर्घ अनुभव आहे, तरीही परवान्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याची चाचणी घेतात. हा अट्टहास नाही का?

उत्तर: नाही. रात्री समोरची बोट दिसत नाही, दिसतात ते फक्त तिचे दिवे: डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, दोन यांत्रिक बोटी एकमेकींचा मार्ग छेदत असताना दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला असेल, तर वाट आपण द्यायची असते. अंधारात ही स्थिती तिच्या लाल दिव्यावरून ओळखू येते. लाल आणि हिरव्यात ज्याची गल्लत होते, तो वाट द्यायची त्या वेळी सरळ पुढे जाईल, आणि कितीही वर्षांचा अनुभव ही उणीव भरून काढू शकत नाही. मात्र चाचणीत अडखळल्याने सारेच दरवाजे बंद होतात असेही नाही. काही देशांत अशा उमेदवाराला केवळ दिवसा बोट चालवण्याचा मर्यादित परवाना मिळतो. तशी तरतूद लागू आहे का, हे भावाने अर्ज करण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे.