रोज जीव तोडून पळू नको

प्रश्न: भाऊ, मी दारव्ह्याकडचा. आर्मी भरतीचे १.६ किमी ५:२५ मधे काढतो, मंग पॅरा कमांडोले एवढं पुरते का? रोज डांबरावर फुल स्पीड पळतो, नडगी लय दुखते.

उत्तर: टायमिंग झकास आहे राजा, ५:३० च्या आत म्हणजे ६० पैकी ६० मार्क. पण कमांडोचं गणित येगळं, अमेरिकेच्या रेंजर स्कूलात, म्हंजे तिथल्या आर्मीच्या कमांडोसारख्या ट्रेनिंगात, २०२५ च्या आधी ५ मैल, म्हंजे ८ किमी, ४० मिनिटात पळा लागे, किलोमीटरले ५ मिनिट, तुयापेक्षा सावकाशच पण दम टिकला पाह्यजे. म्हणून हप्त्यातून ३-४ दिवस बोलता येईल एवढंच हळू पळ, नहराच्या कच्च्या रस्त्यानं, आन् स्पीडचं एकच दिवस. नडगीवर बोट दाबून एकाच जागी कळ येत असंल तं पळणं बंद, डॉक्टरले दाखव. पाठीवर वजन घेऊन पळणं आत्ताच नको, बापा!